खोलीत बोललेला प्रत्येक शब्द

काकूंचे यजमान बँकेत होते. काकूंची ओळख करून द्यायची झाली की लोक हे वाक्य पहिलं बोलायचे आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबायचे. बाई स्वतः दिवसभर मशीनवर बसून अख्ख्या कॉलनीचे कपडे शिवते, उसवते, पोरींचे घट्ट करते आणि त्यांच्या आयांचे सैल करते, हे सांगण्यासारखं काही नव्हतं. शिवण काय, कुणीही करतं. बँकेत असणं म्हणजे असणं.

यजमान हेड कॅशियर होते, पण घरीदारी त्यांना ‘साहेब’ म्हणायचे. सुरुवात त्यांनी स्वतःच करून दिली होती. साहेबांच्या काउंटरवरून पहिल्याच फेरीत काम करून गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. फोटो आणला तर त्यावर सही नाही, सही केली तर ती फोटोच्या बाहेर गेली, फोटो-सही दोन्ही नीट असेल तर ओळख देणारा खातेदार कुठाय? ओळख देणाऱ्याला घेऊन या. तो आला तर जेवणाची सुट्टी. आणि ‘का हो?’ असं कुणी विचारलंच, तर एकच उत्तर : नियम आहे.

अशा थोर माणसाच्या बायकोचं स्वतःचं खातं मात्र कुठेच नव्हतं. शिवणाचे पैसे आले की काकू ते साहेबांच्या हातात द्यायच्या आणि साहेब ते आपल्या खात्यात भरायचे. ‘हिला कशाला हवंय खातं, हिच्या घरातच बँक आहे,’ हा साहेबांचा ठरलेला विनोद होता. सगळे हसायचे. काकूही हसायच्या, कारण नवऱ्याच्या विनोदाला बायको हसली नाही तर पाहुण्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं.

साहेब निवृत्त झाले आणि मुलाने दोघांना परदेशात आपल्याकडे बोलावून घेतलं. चौथ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, लिफ्ट कधी चालू कधी बंद. मुलगा आणि सून सकाळी जे जायचे ते दिवे लागल्यावर उगवायचे. साहेब दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या चुकीच्या कशा लावल्यात ते काकूंना सांगायचे. काकूंचे हात नुसते शिवशिवायचे.

मग एक दिवस मुलाच्या जाकिटाची चेन तुटली. काकू ते घेऊन खालच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. मालकीण धिप्पाड, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, पुढ्यात कपड्यांचा हा ढीग. काकूंनी थोडा वेळ बघितलं, मग न राहवून एक पँट उचलली आणि खुणेनेच विचारलं, किती वर घ्यायची? मालकिणीने बोटाने दाखवलं. पँट झाली. मग दुसरी झाली. भाषेचं काही अडलं नाही. चार दिवस असंच चालल्यावर मालकिणीने मुलाला बोलावून सांगितलं, की तुझ्या आईला मी नोकरीवर ठेवते. फक्त पगार हातात देता येत नाही, इथला कायदा कडक आहे. तिच्या नावाचं बँकेतलं खातं पाहिजे. शनिवारपर्यंत नंबर आणून द्या, नाहीतर दुसरी एक बाई कधीची येऊन बसली आहे, तिला घेते.

या वयात, या मुलखात, कुणाच्या ओळखीशिवाय, नुसत्या हातावर मिळालेली नोकरी! काकूंना ती हवी होती. इतकी हवी होती, की घरात ते बोलून दाखवायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती.

साहेब आधी हसले. ‘या वयात चाकरी करणार? लोक काय म्हणतील?’ इथे लोक त्यांना ओळखतच नव्हते, त्यामुळे हा मुद्दा लवकर संपला. पण ‘खातं’ हा शब्द कानावर पडला आणि साहेब खिडकीतून उठले. किती महिन्यांनी कुणाला तरी त्यांची गरज पडली होती! दोन दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती, डझनभर फोटो, प्रत्येक फोटोच्या मागे नाव. मग ओळख देणाऱ्याचा शोध. त्याच बँकेत खातं असलेला माणूस म्हणजे इमारतीचा रखवालदार, असं त्यांना कुठूनसं कळलं. त्याला गाठून साहेबांनी हातवारे करून सही मागितली. त्या बिचाऱ्याला वाटलं लिफ्टची तक्रार आहे. त्याने सही तर केलीच, वर खांद्यावर हात ठेवून सहानुभूतीही दाखवली. साहेब खूश. कागद फायलीत गेला.

‘खातं जॉइंट उघडायचं,’ साहेबांनी जाहीर केलं. ‘दोघांपैकी कुणीही व्यवहार करेल, असं. म्हणजे मी करेन.’

‘बाबा,’ मुलगा म्हणाला, ‘अर्ज भरलाय, शुक्रवारची वेळ घेतलीय. आईला इथली भाषा अजून नीट येत नाही म्हणून दुभाषी मागितलीय, ती फोनवरून बोलेल. तुम्ही फक्त सोबत जा.’

‘दुभाषी कशाला? मी काय मेलोय?’

‘घरच्या माणसाला चालत नाही.’

‘का?’

‘नियम आहे.’

या उत्तरापुढे माणूस किती हतबल होतो, हे साहेबांना काउंटरच्या आतून कधी दिसलंच नव्हतं.

शुक्रवारी दोघं बसने निघाले. काकूंनी कपाटातली चांगली शाल काढली होती. बसमध्ये नेहमीप्रमाणे दोघांची समालोचनं सुरू झाली. परदेशात आल्यापासून हे एक सुख दोघांना मिळालं होतं, की मराठीत काहीही बोला, कुणाला काही कळत नाही. ‘तो टकल्या बघ, दोन सीट अडवून बसलाय मेला.’ ‘ही बया केसांना काय फासून आलीय?’ अगदी तोंडावर, मोठ्याने, हसऱ्या चेहऱ्याने. समोरचा उलट हसून मान हलवायचा. तिकडे सगळं आयुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून दबून बोलण्यात गेलं, आणि इथे ही चंगळ! काकूही यात मागे नव्हत्या, उगाच त्यांना साध्वी करण्यात अर्थ नाही.

बँक बघून साहेबांचा पाराच चढला. काउंटर नाही, जाळी नाही, रांग नाही. सोफे, कुंड्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. ‘ही बँक आहे की सलून?’ ते म्हणाले. त्यांना काचेच्या एका छोट्या खोलीत नेऊन बसवलं. समोर बाह्या दुमडलेली एक मुलगी, वयाने सुनेपेक्षाही लहान. टेबलावर पेनसुद्धा नाही. नुसता एक स्क्रीन आणि मधोमध स्पीकरवर ठेवलेला फोन.

फोनमधून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ मराठी. ‘नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे. या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द मी दोन्ही भाषांत सांगेन. मी पदरचं काही घालणार नाही आणि काही गाळणारही नाही. कृपया लक्षात असू द्या.’

काकूंनी फोनलाच हात जोडले. साहेबांनी ‘हो हो’ म्हणून हात उडवला. अशा सूचना त्यांनी स्वतः आयुष्यभर बँकेच्या भिंतीवर लावल्या होत्या. त्या वाचायच्या नसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मुलीने नाव विचारलं. साहेबांनी सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही साहेबांनी सांगितली, एक वर्षाने चुकवून. फोन म्हणाला, ‘उत्तरं बाईंनी स्वतः द्यावीत, अशी विनंती आहे.’ साहेबांनी मग फाईल पुढे सरकवली. मुलीने ती उघडली, डझनभर फोटो बघितले, रखवालदाराची सही बघितली, आणि अगदी अदबीने फाईल परत सरकवली. यातलं काहीच लागणार नाही, पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना पुरे.

साहेब काकूंकडे झुकले आणि चेहरा हसरा ठेवून म्हणाले, ‘कालची पोर ही. खातं कशाशी खातात ते तरी हिला माहीत आहे का?’

फोन पलीकडच्या भाषेत काहीतरी बोलला. मुलगी किंचित हसली, दोन शब्द बोलली. फोन मराठीत म्हणाला, ‘हो, माहीत आहे. मला या कामाचं शिक्षण दिलेलं आहे.’

काकूंच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी टेबलाखालून साहेबांचा गुडघा दाबला. साहेबांना वाटलं, बायको घाबरलीय. त्यांनी धीर द्यायला तिच्या हातावर थोपटलं. मुलगी कशाचं तरी उत्तर देतेय एवढंच त्यांनी ऐकलं होतं. कशाचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इतरांच्या बोलण्याकडे नीट लक्ष द्यायची सवय त्यांना नव्हतीच.

‘कार्ड तुम्ही स्वतः वापरणार का?’ फोनने मुलीचा प्रश्न मराठीत सांगितला.

काकू तोंड उघडणार तेवढ्यात साहेब पुन्हा झुकले. ‘सांग, कार्ड माझ्याकडे राहील. पिनही मीच ठेवीन. हिला काय कळतंय त्यातलं? सांगतील तिथे सही केली की हिचं काम संपलं.’

‘अहो, गप्प बसा ना!’ काकू कळवळून म्हणाल्या.

फोनमधली बाई आपलं काम चोख करणारी होती. तिने साहेबांचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आवाज जराही न चढवता. मग काकूंचं ‘अहो, गप्प बसा ना’ हेही सांगितलं. मुलीची बोटं कळफलकावर थांबली. तिने स्क्रीन बाजूला वळवला आणि साहेबांकडे बघून सावकाश बोलली.

‘आपण बाहेर बसावं, अशी विनंती आहे,’ फोन म्हणाला. ‘पुढचे प्रश्न मला फक्त बाईंनाच विचारायचे आहेत.’

‘म्हणजे काय? अहो, मी पस्तीस वर्षं बँकेत होतो!’

हेही पलीकडे गेलं. उत्तर आलं, ‘मग बँकेत नियम पाळावे लागतात, हे तुम्ही जाणताच.’

साहेब उठले. फाईल काखेत मारली. आता कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, पण जीभ तिच्या जुन्या वळणानेच गेली. दाराशी पोचता पोचता ते पुटपुटले, ‘उद्धट कार्टी.’ फोनने तेही सांगितलं. मुलगी ‘धन्यवाद’ म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

काचेपलीकडे साहेब दिसत होते, ऐकू येत नव्हते. काकूंनी त्यांना असं पहिल्यांदाच बघितलं.

मुलीने सांगायला सुरुवात केली. आता जे ऐकलं त्यावरून तिला शंका आहे, की हे खातं नक्की कुणासाठी उघडलं जातंय. ती शंका फिटली नाही तर तिला कागद मुख्य कार्यालयाकडे पाठवावे लागतील. त्याला दोन-तीन आठवडे जातील.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या शनिवार. ती दुसरी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे मशीनवर बसलेलीसुद्धा दिसली. त्यांनी फोनवर वाकून हळूच विचारलं, ‘ताई, तुम्ही आपल्यातल्याच आहात. तुम्हीच सांगा ना, मी काय बोलले म्हणजे होईल?’

फोनने हा प्रश्न जसाच्या तसा मुलीला सांगून टाकला. काकूंनी कपाळाला हात लावला.

मुलगी म्हणाली आणि फोन म्हणाला, ‘जे खरं असेल ते.’

‘खरं काय सांगायचं त्यात?’ काकूंचा आवाज चढला. त्यांना आता राग आला होता, त्या पोरीचा, त्या फोनचा आणि बाहेर बसलेल्या त्या शहाण्याचा. ‘ते काही वाईट नाहीत. हात उगारला नाही कधी. मला टायफॉइड झाला तेव्हा रजा काढून माझं सगळं केलंय त्यांनी. तोंडाने असे आहेत, बस. पैशाचं म्हटलं की त्यांना वाटतं, ते सगळं त्यांचंच काम.’

मुलीने सगळं ऐकून घेतलं. ‘तुम्ही तिकडेही कपडे शिवायचात, असं इथे लिहिलंय. त्याचे पैसे कुठे जायचे?’

‘त्यांच्या खात्यात.’

‘त्यातून तुम्ही काढू शकायचात?’

‘हो, न काढायला काय झालं? त्यांना सांगून काढायचे की.’

मुलीने विचारलं, फोनने सांगितलं. ‘सांगून, की विचारून?’

काकू गप्प झाल्या. गप्प बसण्याचं काही भाषांतर होत नाही, त्यामुळे खोलीत तिघीही तशाच बसून राहिल्या. काकूंना ते पायमशीन आठवलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा मशीनला मोटर बसवावी म्हणून त्यांनी विचारलं होतं. त्यांच्याच शिवणाच्या पैशातून. साहेब म्हणाले होते, ‘कशाला? पायाला व्यायाम होतो.’ एवढंच. त्यावर काही भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. पुढची सगळी वर्षं त्या पायाने मशीन मारत राहिल्या, आणि ते पैसे आपले होते हे त्यांना आत्ता, या काचेच्या खोलीत बसून, पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यांना अजूनच राग आला.

‘विचारून,’ त्या म्हणाल्या.

‘अर्जात जॉइंट लिहिलंय,’ मुलीने विचारलं. ‘तुम्हाला कसं हवंय? दोघांचं, की एकटीच्या नावाचं?’

काकूंनी काचेतून बाहेर बघितलं. साहेब सोफ्यावर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या एका अनोळखी माणसाला रखवालदाराची सही दाखवून काहीतरी समजावत होते. तो माणूस हळूहळू सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे सरकत होता. काकूंना पोटातून कळवळा आला. जाऊ दे, लिहून टाकावं त्यांचंही नाव, तेवढंच बरं वाटेल त्यांना. शब्द अगदी ओठांवर आला होता.

‘एकटीच्या,’ काकू म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते कळल्यावर, कुणी चूक ऐकलं असेल म्हणून, पुन्हा म्हणाल्या, ‘माझ्या एकटीच्या.’

फोनने दोन्ही वेळा सांगितलं.

मग कामं भराभर झाली. मुलगी पाठ करून उभी राहिली आणि काकूंनी त्या छोट्या यंत्रावर आपल्या मनाने चार आकडे दाबले. कुणाची जन्मतारीख नाही, लग्नाची नाही, मुलाची नाही. नुसते चार आकडे. मुलगी कार्ड आणायला बाहेर गेली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि फोनला म्हणाल्या, ‘ताई, तुमचे फार उपकार झाले हो.’ समोर चिटपाखरू नव्हतं, तरी फोनने ते आभार त्या परक्या भाषेत रिकाम्या खुर्चीला नीट सांगितले. काकूंना भरल्या डोळ्यांनी हसू फुटलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा साहेब तयारच होते. ‘झालं? इतका वेळ काय चौकशी? आणि माझी सही कुठे घेतायत?’

‘लागत नाही.’

‘लागत नाही कशी? जॉइंटला दोघांची लागते. ती पोरगी चुकली बघ, मला वाटलंच होतं. थांब तू, मी आत जाऊन…’

‘जॉइंट नाही केलं.’

साहेब दाराकडे वळले होते ते तसेच थांबले.

‘माझ्या एकटीच्या नावावर केलंय,’ काकू म्हणाल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं.

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. इकडेतिकडे बघून, या देशात आल्यापासून पहिल्यांदाच आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.’

‘आहे की. पण तुमच्या खात्यावर इतक्या वर्षांत माझं नाव कधी घातलं नाहीत तुम्ही. तेव्हा तुमचा माझ्यावर नव्हता का?’

‘ते वेगळं होतं.’

‘काय वेगळं होतं?’

साहेबांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. माणसं त्या दोघांना वळसा घालून बँकेत जात होती, येत होती, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. काकू शाल सावरून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, आणि घाई काही नव्हती. खालचं दुकान सात वाजेपर्यंत उघडं असतं.